फिशआय नवी घेतलीत? या चुका टाळा

स्वस्तातली मॅन्युअल (फोकस हाताने फिरवायची) फिशआय, म्हणजे रेघा वाकवणारी अतिरुंद लेन्स, हातात पडली की पहिली संध्याकाळ सोलापुरात सिद्धेश्वर तलावाकाठी जाते आणि रात्री तक्रार ठरलेली: 'लेन्स सॉफ्ट आहे, फोटो धूसर येतो.' बहुतेक वेळा ती बिचारी निर्दोष असते.

शटरच पडत नाही? लेन्स परत पाठवू नका. तिला कॅमेऱ्याशी बोलणारे इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट नसतात, म्हणून कॅमेऱ्याच्या बॉडीला वाटतं लेन्स लावलेलीच नाही. मेन्यूत 'रिलीज विदाउट लेन्स' चालू करा. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) असेल तर फोकल लेंग्थही हाताने भरा. आधीच्या लेन्सचे ५० मिमी तसेच राहिले तर फोटो हमखास हलतो.

आता खरी चूक. फोकसची रिंग अनंताच्या (∞) खुणेला टेकवायची आणि मोकळं व्हायचं! या किमतीच्या लेन्सची खूण अनेकदा चुकलेली असते. अ‍ॅपर्चर २.८ वर उघडा, लांबची गिरणीची चिमणी धरा, स्क्रीन मॅग्निफाय करून रिंग पुढे-मागे फिरवा आणि जिथे विटा स्पष्ट दिसतील तिथे नेलपॉलिशचा ठिपका द्या. पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर) विसंबू नका. इतक्या वाइड लेन्सवर त्याला सगळंच शार्प वाटतं. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) बॉडीवर ७.५ मिमीची लेन्स असेल तर एफ/८ ला फोकस ३६ सेंमीवर ठेवा, म्हणजे साधारण १८ सेंमीपासून क्षितिजापर्यंत सगळं निभावतं. एफ/२.८ ला तोच फोकस १ मीटरवर. अंतर टेपने मोजून दुसरा ठिपका द्या. दहा मिनिटांचं काम आहे, पण तेवढाही धीर नसतो.

दुसरी चूक लांब उभं राहण्याची. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत एका नवशिक्याने पंचवीस फुटांवरून, फ्रेमच्या उजव्या कडेला ठेवून नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) टिपले. ध्वज धनुष्यासारखे वाकलेले, बाराबंदीतली (पारंपरिक पांढऱ्या पोशाखातली) माणसं मुंग्यांएवढी, आणि खाली त्याचीच डाव्या हाताची बोटं. फिशआयमध्ये फ्रेमच्या मध्यातून जाणारी रेघच सरळ राहते. कडेकडे जाईल तशी ती बाहेर फुगते. म्हणून ज्याची काठी सरळ हवी तो ध्वज मधोमध घ्या आणि गर्दीला अडथळा न होता जमेल तेवढं जवळ जा. भुईकोट किल्ल्याच्या तटाचंही तेच: कॅमेरा वर उचललात तर तटाची रेघ वाटीसारखी खाली झुकते, खाली वाकवलात तर कमानीसारखी वर येते. बोटं लेन्सच्या तोंडापासून मागे घ्या. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १८० अंश म्हणजे खरोखरच १८० अंश.

'नंतर सॉफ्टवेअरमध्ये सरळ करू' हा आळस सोडा. कोपरे ताणून फाटतात, कडा कापल्या जातात. सगळंच सरळ हवं असेल तर साधी वाइड लेन्स घ्यायची होती.

फुगीर काचेपुढे फिल्टर बसत नाही, शोधत फिरू नका. उन्हाळ्यातली धूळ शर्टाच्या टोकाने पुसू नका, आधी ब्लोअर मारा. टोपण नुसतं दाबून बसलेलं असेल तर बॅगेत निसटतं आणि गाडीची किल्ली थेट काचेवर घासते. त्यावरून जाड रबर बँड ओढून ठेवा.