व्हीटी-एक्स चालू असूनही सॉफ्टवेअर ‘बंद आहे’ म्हणतं? हायपरव्हायझर ओळखताना या चुका टाळा

बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्येही ‘व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड’ दिसतंय. तरी व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा, आभासी संगणक) सुरू करायला गेलं की सॉफ्टवेअर सांगतं, व्हीटी-एक्स (इंटेल प्रोसेसरमधली त्यासाठीची सोय) उपलब्ध नाही, बायोसमध्ये जाऊन चालू करा. मग लोक पुन्हा पुन्हा बायोसमध्ये जाऊन येतात, सॉफ्टवेअर काढून परत टाकतात आणि काहीजण तर वैतागून अख्खं विंडोज नव्याने टाकतात. यातल्या कशाचीच गरज नसते. मशीन धडधाकट असतं, सॉफ्टवेअरने केलेली तपासणी चुकलेली असते.

‘व्हर्च्युअलायझेशन आहे का?’ हा वरवर एक प्रश्न वाटतो, पण त्यात चार प्रश्न दडलेले आहेत. प्रोसेसरमध्ये ती सोय आहे का? बायोसने ती खुली ठेवली आहे का? दुसऱ्या कुठल्या हायपरव्हायझरने (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या थराने) ती आधीच ताब्यात घेतली आहे का? आणि आपला प्रोग्रॅम नक्की कुठे चालतोय: थेट हार्डवेअरवर, एखाद्या गेस्टच्या (व्हर्च्युअल मशीनच्या) आत, की खाली हायपरव्हायझर असलेल्या होस्टवर (मूळ मशीनवर)? या चारांची उत्तरं एकाच हो-नाहीच्या व्हेरिएबलमध्ये कोंबली की बग झालाच म्हणून समजा. खाली आधी वापरणाऱ्यांसाठी आणि मग कोड लिहिणाऱ्यांसाठी लिहितो, पण दोघांनीही दोन्ही भाग वाचावेत.

बायोसवर खापर फोडू नका

इंटेलचं व्हीटी-एक्स २००५ मध्ये आलं, एएमडीचं एएमडी-व्ही २००६ मध्ये. म्हणजे आज वापरात असलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ही सोय असतेच. अडचण बहुधा तिसऱ्या प्रश्नात असते.

विंडोजमधलं हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टचा हायपरव्हायझर) हे इतर प्रोग्रॅमसारखं विंडोजच्या वर बसत नाही. ते चालू झालं की थेट हार्डवेअरवर जातं आणि तुमचं रोजचं विंडोज त्याच्या वर, ‘रूट पार्टिशन’ नावाच्या खास जागेत चालायला लागतं. व्हीटी-एक्स आता हायपर-व्हीच्या हातात असतं आणि ते वरच्या विंडोजला ही सोय दाखवतच नाही. अशा वेळी एखाद्या प्रोग्रॅमने प्रोसेसरला ‘व्हीटी-एक्स आहे का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. त्यावरून प्रोग्रॅम ‘बायोसमध्ये बंद असणार’ असा निष्कर्ष काढतो. उत्तर खरं असतं, निष्कर्ष चुकीचा.

पडताळा घ्यायचा तर कमांड प्रॉम्प्टमध्ये सिस्टिमइन्फो चालवा आणि शेवटची ओळ वाचा. तिथे हायपरव्हायझर आढळला आहे, त्यामुळे हायपर-व्हीसाठी लागणाऱ्या गोष्टी दाखवल्या जाणार नाहीत, अशा अर्थाचं वाक्य असेल तर निदान पक्कं झालं. ही ओळ एरर आहे असं समजून बरेच जण घाबरतात. खरं तर तुमचा बायोस ठीक आहे याचा तो पुरावा आहे: बायोसमध्ये सोय बंद असती तर हायपरव्हायझर सुरूच झाला नसता.

‘पण मी हायपर-व्ही टाकलंच नाही’

टाकलं नसेलही. हायपरव्हायझर चालू व्हायला ‘हायपर-व्ही’ या नावासमोरची टिक लागतेच असं नाही. डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) चालतं ते ‘व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म’वर आणि तो घटक हाच हायपरव्हायझर उठवतो, अगदी विंडोजच्या होम आवृत्तीतसुद्धा. डॉकर डेस्कटॉप, विंडोज सँडबॉक्स, कोअर आयसोलेशनमधलं ‘मेमरी इंटिग्रिटी’, पासवर्ड जपणारं क्रेडेन्शियल गार्ड या सगळ्यांच्या खाली तोच असतो. नव्या विंडोज ११ मशीनवर मेमरी इंटिग्रिटी बहुतेकदा पहिल्या दिवसापासून चालू असते. म्हणून ‘विंडोज फीचर्स’मधली फक्त हायपर-व्हीची टिक काढायची आणि मग काही फरक पडला नाही म्हणून हताश व्हायचं, ही सर्वात जास्त होणारी चूक आहे. सिस्टिम इन्फर्मेशनची खिडकी उघडा आणि ‘व्हर्च्युअलायझेशन-बेस्ड सिक्युरिटी’समोर ‘रनिंग’ लिहिलंय का ते आधी बघा.

हायपरव्हायझर खरोखरच बंद करायचा असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून बीसीडीएडिट (बूटच्या नोंदी बदलणारी कमांड) चालवून ‘हायपरव्हायझर लाँच टाइप’ ही नोंद ‘ऑफ’ करावी आणि मशीन ‘रीस्टार्ट’ करावं. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे जुनं कर्नलच परत उठू शकतं आणि बदल लागू झालाय की नाही हे कळत नाही. नोंद पुन्हा ‘ऑटो’ केली की सगळं पूर्ववत होतं. रोज दोन्हींची गरज असेल तर बीसीडीएडिटनेच सध्याच्या बूट नोंदीची एक प्रत करा, त्या प्रतीत हायपरव्हायझर बंद ठेवा आणि मशीन सुरू होताना हवी ती नोंद निवडा.

तरीही मी हा उपाय शेवटी सुचवेन. त्याने डब्ल्यूएसएल २ आणि डॉकर थांबतात हे एक, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मेमरी इंटिग्रिटी आणि क्रेडेन्शियल गार्ड हे सुरक्षेचे खरे अडसर आहेत. एका गेस्टचा वेग वाढावा म्हणून पासवर्ड चोरणाऱ्या प्रोग्रॅमची वाट मोकळी करून देऊ नये. कंपनीच्या लॅपटॉपवर तर हे परस्पर करूच नका. तिथे ही सेटिंग यूईएफआयमध्ये (बायोसच्या जागी आलेल्या फर्मवेअरमध्ये) कुलूपबंद असू शकते आणि रजिस्ट्रीत कितीही बदल केले तरी ती हलत नाही.

त्याऐवजी व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर नवं करा. व्हर्च्युअलबॉक्सच्या ६.० आवृत्तीपासून (डिसेंबर २०१८) आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशनच्या १५.५.५ पासून (मे २०२०) हायपर-व्ही चालू असतानाही गेस्ट चालतो. सॉफ्टवेअर स्वतः व्हीटी-एक्स न घेता विंडोजच्या हायपरव्हायझरकडून काम करून घेतं. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरमध्येही त्यासाठी वेगळा अ‍ॅक्सेलरेटर आहे. वेग थोडा कमी मिळतो, आणि नेमकं तिथेच पुढचं चुकीचं निदान होतं.

हळू चालतंय म्हणून रॅम वाढवू नका, लॉग वाचा

व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खालच्या पट्टीवर हिरवं कासव दिसत असेल तर गेस्ट हायपर-व्हीच्या मार्फत चालतोय. खात्री हवी असेल तर त्या मशीनची लॉग फाईल उघडा आणि ‘एनईएम’ (दुसऱ्या हायपरव्हायझरमार्फत चालण्याची पद्धत) शोधा. आधी एक ओळ सापडेल, तिच्यात व्हीटी-एक्स उपलब्ध नसल्यामुळे एनईएमकडे वळतोय असं लिहिलेलं असतं. थोडं खाली ‘स्नेल एक्झिक्युशन मोड इज अ‍ॅक्टिव्ह’ अशी ओळ असते, म्हणजे गोगलगायीच्या गतीचा मोड चालू आहे. पूर्ण वेग हवा असेल तर हायपर-व्हीवर चालणारी विंडोजची फीचर्स बंद करावी लागतील, हेही त्याच लॉगमध्ये सांगितलेलं असतं. व्हीएमवेअरच्या लॉगमध्ये ‘मॉनिटर मोड’ शोधा: ‘सीपीएल०’ असेल तर व्हीएमवेअर स्वतः हार्डवेअर वापरतंय, ‘यूएलएम’ असेल तर विंडोजच्या हायपरव्हायझरवर बसलंय. कोर वाढवण्याआधी ही एक ओळ बघा, पुढची बरीच धडपड वाचते.

कोड लिहिणाऱ्यांसाठी: बिट ३१ म्हणजे गेस्ट नव्हे

सीपीयूआयडी ही प्रोसेसरला त्याची माहिती विचारणारी सूचना; तिच्या प्रत्येक प्रश्नाच्या क्रमांकाला लीफ म्हणतात आणि उत्तर ईबीएक्स, ईसीएक्स अशा रजिस्टरांत येतं. तिच्या लीफ १ मध्ये ईसीएक्सचा बिट ३१ ‘हायपरव्हायझर हजर आहे’ एवढंच सांगतो. खऱ्या हार्डवेअरवर तो नेहमी शून्य असतो. त्यावरून ‘बिट लागलाय, म्हणजे आपण व्हर्च्युअल मशीनच्या आत आहोत’ असं गृहीत धरणारा कोड जागोजागी सापडतो. पण हायपर-व्ही चालू असलेल्या साध्या होस्ट विंडोजवरही हा बिट लागलेला असतो. मग ‘व्हर्च्युअल मशीनमध्ये व्हर्च्युअल मशीन चालणार नाही’ असं खोटंच सांगून प्रोग्रॅम वापरणाऱ्याला परत पाठवतो.

बरोबर वाट अशी. बिट ३१ लागला असेल तर हेक्स ४००००००० हा लीफ वाचून सही (हायपरव्हायझरची ओळख सांगणारी अक्षरं) बघा. सही मायक्रोसॉफ्टची असेल तर लीफ ४००००००३ मध्ये ईबीएक्स बघा. त्याचा बिट ० नवीन पार्टिशन तयार करण्याचा अधिकार दाखवतो. हा अधिकार रूट पार्टिशनलाच असतो, त्यामुळे तो असेल तर तुम्ही होस्टवर आहात. लिनक्स कर्नल याच रजिस्टरमधला बिट १२, म्हणजे सीपीयू सांभाळण्याचा अधिकार, पाहून स्वतः रूट आहे का ते ठरवतं. रूटवर असाल तर व्हीटी-एक्सचा बिट विचारूच नका, विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्मची वाट धरा. तो घटक वेगळा चालू करावा लागतो, तेव्हा तोही तपासा.

रूटवर नसाल तर तुम्ही गेस्टमध्ये आहात, पण तिथेही लगेच नकार देऊ नका. गेस्टमध्ये व्हीएमएक्सचा, म्हणजेच व्हीटी-एक्सचा बिट (लीफ १, ईसीएक्स, बिट ५) किंवा एएमडीवर एसव्हीएमचा बिट दिसत असेल तर होस्टने नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (गेस्टच्या आत गेस्ट चालवण्याची सोय) मुद्दाम दिलेलं आहे. ते वापरू द्या.

सही वाचताना एक चूक वारंवार होते, ती जवळून बघण्यासारखी आहे. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीचं नाव लीफ ० मधून वाचताना रजिस्टरांचा क्रम ईबीएक्स, ईडीएक्स, ईसीएक्स असा असतो. हायपरव्हायझरची सही मात्र ईबीएक्स, ईसीएक्स, ईडीएक्स या क्रमाने वाचायची असते. जुनं फंक्शन कॉपी केलं की क्रम उलटतो. लिनक्सच्या केव्हीएम या हायपरव्हायझरची सही म्हणजे ‘केव्हीएम’ हीच तीन अक्षरं तीनदा आणि पुढे तीन शून्य बाइट. चार-चार बाइटांचे तीन तुकडे केले तर शेवटच्या रजिस्टरमध्ये फक्त एक ‘एम’ आणि शून्यं उरतात. चुकीच्या क्रमाने वाचल्यावर तो तुकडा मध्ये येतो, स्ट्रिंग ‘केव्हीएमकेएम’वरच संपते आणि तुलना फसते. व्हर्च्युअलबॉक्सच्या स्वतःच्या सहीत मात्र ‘व्हीबॉक्स’ची चार अक्षरं तीनदा आहेत, म्हणजे तिन्ही रजिस्टरांत तंतोतंत तेच. क्रम कसाही लावा, उत्तर बरोबरच येतं. ज्याने फक्त व्हर्च्युअलबॉक्सवर चाचणी घेतली त्याला हा बग कधीच दिसणार नाही.

दुसरं, सही एकच असते असं मानू नका. विंडोज गेस्ट चांगला चालावा म्हणून केव्हीएम हायपर-व्हीचा मुखवटा लावतं. तेव्हा ४००००००० वर मायक्रोसॉफ्टची सही दिसते आणि केव्हीएमची स्वतःची ४००००१०० वर सरकते. म्हणून हेक्स १०० च्या टप्प्यांनी पुढचे लीफही तपासावे लागतात. आणि बिट ३१ शून्य असताना हे लीफ वाचू नका: इंटेलच्या खऱ्या हार्डवेअरवर मर्यादेबाहेरचा लीफ मागितला तर सर्वात वरच्या साध्या लीफची माहिती परत येते, आणि ती सही नसते.

विंडोजवर डब्ल्यूएमआय (सिस्टिमची माहिती विचारण्याची सोय) वापरत असाल तर ‘व्हर्च्युअलायझेशन फर्मवेअर एनेबल्ड’ हा गुण एकट्याने वाचू नका. हायपर-व्ही चालू असताना तो ‘फॉल्स’ दाखवतो. आधी ‘हायपरव्हायझर प्रेझेंट’ वाचा. तो ‘ट्रू’ असेल तर पहिला गुण निरर्थक आहे.

खुद्द बायोसची तपासणी एमएसआर ३ए या प्रोसेसरच्या खास रजिस्टरमधून होते आणि त्यासाठी कर्नलचा अधिकार लागतो. तिथे फक्त बिट २ बघून ‘बंद’ ठरवू नका. बिट ० हे कुलूप आहे. कुलूप लागलेलं आणि बिट २ शून्य, तरच बायोसने खरोखर दार बंद केलंय. कुलूप उघडं असेल तर तुमचा ड्रायव्हर स्वतः बिट २ लावून कुलूप लावू शकतो.

लिनक्सवर

डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) बायोसने व्हीएमएक्स बंद केल्याची ओळ असेल तर इथे मात्र खरंच बायोसमध्ये जावं लागेल. ती नसेल आणि व्हर्च्युअलबॉक्स ‘व्हीएमएक्स रूट मोड’बद्दल तक्रार करत असेल तर केव्हीएमने सोय आधीच घेतलेली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ कर्नलपासून हे अचानक वाढलं. पूर्वी केव्हीएम पहिला गेस्ट सुरू होईपर्यंत थांबायचं, आता मॉड्यूल लोड होताच ताबा घेतं. केव्हीएमचं मॉड्यूल उतरवा, किंवा त्याचा ‘एनेबल व्हर्ट अ‍ॅट लोड’ हा पर्याय कर्नलच्या ओळीत शून्य करा. व्हर्च्युअलबॉक्स पुन्हा टाकून काही होणार नाही.

एआरएमवर प्रश्नच वेगळा

एआरएम बोर्डवर ‘हिप मोड नॉट अव्हेलेबल’ दिसलं तर शोधायला बायोसची सेटिंग नसते. कर्नल ईएल२ या, हायपरव्हायझरसाठी राखलेल्या अधिकार-पातळीवर सुरू झालं तरच केव्हीएम चालतं आणि ते बूटलोडरच्या हातात असतं. म्हणून बूटलोडर किंवा फर्मवेअर बदला. बूटच्या लॉगमध्ये सगळे सीपीयू ईएल२ वर सुरू झाल्याची ओळ आली की झालं. ओळखण्याचा कोड लिहिताना सध्याची पातळी वाचून निर्णय घेऊ नका. व्हीएचई (कर्नलला ईएल२ वरच चालू देणारी सोय) नसलेल्या प्रोसेसरवर कर्नल ईएल२ वर सुरू होऊन मग ईएल१ वर उतरतं, त्यामुळे नंतर विचारलं तर उत्तर ईएल१ येतं आणि हायपरव्हायझर मोड असूनही ‘नाही’ ठरतो. बूटच्या क्षणी नोंदवलेली पातळी वापरा, आणि तीही फक्त पहिल्या सीपीयूची नव्हे, सगळ्यांची.

दुरुस्तीनंतरची चाचणी

किमान पाच अवस्थांमध्ये प्रोग्रॅम चालवून बघा: बायोसमध्ये सोय बंद, सोय चालू आणि हायपरव्हायझर नाही, हायपर-व्ही चालू असलेला होस्ट, नेस्टेड नसलेला गेस्ट, नेस्टेड असलेला गेस्ट. पाचही वेळा संदेश वेगळा हवा. ‘बायोसमध्ये जा’ हे शब्द फक्त पहिल्या अवस्थेत दिसले पाहिजेत. चौथ्या अवस्थेत ‘होस्टवर नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन चालू करा’ असं सांगा. हायपर-व्हीवर ते गेस्ट बंद असतानाच, पॉवरशेलमधून त्या मशीनच्या प्रोसेसरची सेटिंग बदलून करता येतं. एएमडी प्रोसेसरवर त्यासाठी होस्ट विंडोज ११ किंवा सर्व्हर २०२२ तरी लागतो, हेही त्याच संदेशात लिहिलंत तर वापरणाऱ्याची एक फेरी वाचेल.