रस्सा नसलेला रामेन कसा खावा: नागोयाचा ताइवान माझेसोबा

जपानमधील नागोयाला जाणे झाले आणि रुळलेल्या वाटेबाहेरचा एखादा रामेन (एरवी रश्श्यात वाढला जाणारा नूडल्सचा पदार्थ) खाऊन पाहायचा असेल, तर ‘ताइवान माझेसोबा’ निवडावा. यात रस्सा नसतो. २००८ साली नागोयातील ‘मेनया हानाबी’ या दुकानात तो प्रथम विकला गेला. ताइवान रामेनसाठी केलेला तिखट खिमा मालकांच्या रश्श्याशी जुळेना. तो टाकून देण्याच्या बेतात असताना, उकडलेल्या नूडल्सवर नुसताच घालून पाहावा, असे तेथील एका मदतनिसाने सुचवले, असे सांगितले जाते. मूळचा ताइवान रामेनही नागोयाचाच, ‘मिसेन’ या उपाहारगृहातला.

आत शिरण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करावी. खिमा डुकराच्या मांसाचा असतो आणि वर सुक्या माशांची पूड असते, शिवाय तळाच्या सॉसमध्येही मांस-मासळीचा अंश असू शकतो. त्यामुळे खिमा वगळायला सांगून हा पदार्थ शाकाहारी होत नाही. वर घातलेल्या अंड्याच्या कच्च्या बलकाची धास्ती मात्र बाळगू नये, कारण जपानमध्ये अंड्यांवर छापलेली मुदत ती कच्ची खाण्याच्या हिशेबानेच ठरवलेली असते. तरीही मन घेत नसेल, तर बलक नको असे आधीच सांगावे.

अशी दुकाने लहान असतात, बसण्याची सोय बहुधा काउंटरपुरतीच असते आणि दुपारच्या जेवणानंतर ती अनेकदा संध्याकाळपर्यंत बंद राहतात. दाराशी तिकिटाचे यंत्र असल्यास आधी पैसे भरून चिठ्ठी घ्यावी. हजार येनच्या नोटा जवळ ठेवाव्यात, कारण जुनी यंत्रे दहा हजारांची नोट घेत नाहीत. चिठ्ठी काउंटरवर ठेवली की अनेक ठिकाणी ‘निन्निकु’ घालायचा का, असे विचारतात. निन्निकु म्हणजे लसूण, आणि तोही कच्चा, ठेचलेला. पुढे कोणाला भेटायचे नसेल, तर हो म्हणावे; लसणीवाचून हा पदार्थ अर्धाच लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाडगा समोर येतो तेव्हा मधोमध लालसर खिमा, त्यावर पिवळाजर्द बलक आणि भोवती चिरलेली कांद्याची पात, निरा नावाची लसणीच्या वासाची हिरवी पात, नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) चुरा व माशांची पूड असे वेगवेगळे ढीग मांडलेले असतात. छायाचित्र काढायचेच असेल, तर एकच काढावे, कारण थांबल्यास नूडल्स एकमेकींना चिकटू लागतात. खरे काम आता सुरू होते, आणि ते खाणाऱ्याचे असते. सॉस तळाशी असतो. म्हणून चॉपस्टिक्स थेट तळापर्यंत घालून नूडल्स खालून वर उचलाव्यात, बलक फोडावा आणि दहीभात कालवावा तितक्या मनापासून सगळे कालवावे. हानाबीत जाड नूडल्स उकडल्यावर काठीने घुसळून त्यांचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत करतात. त्यातून सुटलेल्या पिठूळपणामुळे सॉस त्यांना धरून राहतो. पांढरी नूडल कोठेही दिसेनाशी झाली आणि प्रत्येकीवर तपकिरी चकाकी आली की कालवणे पुरे झाले असे समजावे. भीड म्हणून वरवर ढवळणारे बरेच असतात. त्यांना पहिले घास फिके आणि शेवटचे खारट लागतात.

निम्मा वाडगा तसाच खावा. तोंडाला तेलकटपणा जाणवू लागला की काउंटरवरचे कोम्बू (एक समुद्री शेवाळ) घातलेले व्हिनेगर थोडेसे फिरवावे. सुरुवातीलाच ओतले, तर माशांच्या पुडीचा वास मरतो. तिखटाचे म्हणाल, तर मराठी जिभेला ते फारसे जड जाऊ नये.

नूडल्स संपत आल्या की वाडग्यात खिमा आणि सॉस उरू द्यावा, मुद्दाम राखावा. मग ‘ओइमेशी ओनेगाइशिमासु’, म्हणजे ‘शेवटचा भात द्या’, असे म्हणावे. वाडग्यात थोडा गरम भात घालून मिळतो. बऱ्याच दुकानांत त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. तो उरलेल्या सॉसमध्ये कालवून चमच्याने खावा. माझ्या मते सर्वांत चविष्ट घास हेच, म्हणून नूडल्सचे मोठे माप मागवू नये, पोटात जागा ठेवावी.

भात संपल्यावर रिकामा वाडगा काउंटरच्या वरच्या फळीवर ठेवावा, समोरचा भाग पुसून घ्यावा, जेवणाबद्दल आभार म्हणून ‘गोचिसोसामा’ म्हणावे आणि बाहेर रांग असल्यास गप्पा रस्त्यावर जाऊन माराव्यात.