स्तनांच्या तपासणीचं शिबिर घेताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते. शिबिराची तारीख ठरते, बॅनर लागतो, दिवसभरात शंभरेक बायका तपासून होतात, दोघीतिघींना गाठ लागते आणि त्यांच्या हातात चिठ्ठी देऊन "मोठ्या दवाखान्यात दाखवा" म्हणतात. कुठला दवाखाना, कुठल्या वारी, सोनोग्राफी-बायोप्सीचा (गाठीतला छोटा तुकडा सुईने काढून तपासण्याचा) खर्च कोण करणार, सोबत कोण जाणार, काहीच ठरलेलं नसतं, ती घाबरून घरी जाते ती परत येतच नाही. डब्ल्यूएचओचं टार्गेट आहे की पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत स्तनाच्या कॅन्सरचं निदान व्हावं. म्हणून आधी पुढच्या दवाखान्याशी बोलून घ्या, तारीख नंतर ठरवा.

आणि नंबर घेताना नुसता नवऱ्याचा घेऊ नका. तिच्या विश्वासातल्या एखाद्या बाईचाही घ्या, नाहीतर फोन लागतो पण निरोप पोचत नाही.

मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) मशीन नाही म्हणून थांबायची गरज नाही. टाटा मेमोरियलने मुंबईत दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला, निम्म्या जणींना ट्रेनिंग घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं. २०२१ मध्ये रिझल्ट आले, त्या गटात कॅन्सर लवकरच्या स्टेजला सापडत होता आणि पन्नाशीपुढच्या बायकांचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही खरं सांगायला हवं. पण ट्रेनिंग पाहिजे हं, बोटांच्या टोकांनी चिमटून नाही तर मधल्या तीन बोटांच्या गादीने, काखेपर्यंत.

"दुखतं का?" एवढंच विचारून सोडू नका. कॅन्सरची गाठ बऱ्याचदा दुखतच नाही, म्हणून तर बायका महिनोन्‌महिने गप्प बसतात. कातडीला खळी पडलीय का, निपल आत ओढलंय का, रक्तासारखं पाणी येतं का, हे विचारा. अंगावर पाजणाऱ्या बाईची गाठ "दुधाची असेल" म्हणून सोडून देतात याचा मला फार राग येतो, दोन-तीन आठवड्यांत गेली नाही तर सोनोग्राफी कराच.

तपासणी नॉर्मल आली तरी "नवीन काही जाणवलं तर पुढच्या शिबिराची वाट बघू नका" असं तोंडाने सांगा.

सुई लावली की कॅन्सर पसरतो ही खोटी भीती तर सगळीकडे असते. ती नुसत्या पत्रकाने जात नाही. बायोप्सी, ऑपरेशन सगळं होऊन बरी झालेली एखादी बाई तयार असेल तर तिलाच शिबिरात बसवा, बायका तिला हळूच बाजूला घेऊन विचारतात.