मोठा मराठी मजकूर असलेलं जेसन अर्धवट सेव्ह होत असेल तर

पीएचपीतून जेसन (डेटा मजकूर म्हणून लिहायची पद्धत) मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये ठेवत होतो. छोटे लेख नीट येत, मोठा मराठी लेख मात्र ब्राउझरमध्ये पार्स एरर देई, म्हणजे जेसन वाचताच येत नसे. तेवढ्याच लांबीचा इंग्रजी लेख बिनतक्रार चाले. सेव्ह करताना एरर काहीच नाही. डोकं फिरायची वेळ आली होती.

कॅशे रिकामी केली, हेडर तपासले, कॅरेक्टर सेट बदलला, फरक शून्य.

मग डेटाबेसमधली ओळच उघडली. शेवटचा युनिकोड एस्केप (अक्षराऐवजी लिहिलेला \u0915 सारखा कोड) मधेच तुटलेला, बंद होणारा कंस गायब. लेंग्थ फंक्शनने मोजलं तर 65,535 बाइट, म्हणजे टेक्स्ट कॉलमची नेमकी मर्यादा. पीएचपी एरवी देवनागरीचं प्रत्येक चिन्ह सहा बाइटांच्या एस्केपमध्ये लिहितं (काना-मात्रा वेगळ्या!), युटीएफ-८ मध्ये तीनच लागतात. आणि स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर मायएसक्यूएल जादा मजकूर कापून फक्त वॉर्निंग देतं.

क्रम असा ठेवा. आधी बॅकअप. मग कॉलम मीडियमटेक्स्ट (टेक्स्टपेक्षा मोठ्या मर्यादेचा) करा, कॅरेक्टर सेट युटीएफ८एमबी४. त्यानंतर एसक्यूएल मोडमध्ये स्ट्रिक्ट ट्रान्स टेबल्स (म्हणजे स्ट्रिक्ट मोड) चालू करा. मग एस्केप टाळायला पीएचपीच्या जेसन एन्कोड फंक्शनला 'अनएस्केप्ड युनिकोड' हा पर्याय द्या. शेवटी जेसन व्हॅलिड फंक्शन शून्य देतं त्या ओळी शोधून मूळ मजकुरातून पुन्हा सेव्ह करा. कापलेला भाग डेटाबेसमधून परत येत नाही.

मायएसक्यूएलचा जेसन टाइप मी टाळला, कारण तो कीजचा (जेसनमधल्या नावांचा) क्रम बदलतो आणि आमच्या फॉर्मला तो क्रम लागतो.