ब्रिटिश पेन्शनर स्पेनला का जातात, आणि जायचं तर तयारी कोणत्या क्रमाने करावी

अलिकान्तेच्या किनाऱ्यावरचं तोरेविएहा, ओरिउएला कोस्ता, हावेआ, आणि दक्षिणेला मालागाजवळचं मिहास, बेनालमादेना. या गावांत ब्रिटनमधून आलेली सत्तरी-पंचाहत्तरीची जोडपी पावलोपावली दिसतात. का आलात विचारलं तर पहिलं उत्तर उन्हाचं. त्यापाठोपाठ घराचं: इंग्लंडच्या दक्षिणेतलं तीन बेडरूमचं घर विकलं की इथे दोन बेडरूमचा फ्लॅट येतो आणि बऱ्यापैकी रक्कम हातात उरते.

पण ऊन थायलंडमध्येही आहे आणि घरं तिथेही स्वस्त आहेत. स्पेनच्या बाजूने तराजू झुकतो तो दोन गोष्टींमुळे. इथे राहणाऱ्याची ब्रिटिश स्टेट पेन्शन दर एप्रिलला वाढत राहते, आणि त्याच्या दवाखान्याचा खर्च ब्रिटन उचलतो. त्यामुळे तयारीची सुरुवात घरं बघण्यापासून करू नका, पेन्शनपासून करा.

आधी पेन्शन

नवी स्टेट पेन्शन (एप्रिल २०१६ पासून पेन्शनच्या वयाला पोचलेल्यांची) पूर्ण मिळायला नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे कमाईतून सरकारला द्यायच्या सामाजिक विम्याच्या हप्त्यांची, ३५ वर्षं भरलेली लागतात. १० पेक्षा कमी असतील तर काहीच मिळत नाही. २०२५-२६ चा पूर्ण दर आठवड्याला २३०.२५ पौंड. म्हणजे कमी पडलेलं प्रत्येक वर्ष आठवड्याला सुमारे ६.५८ पौंड कापतं, तेही आयुष्यभर. सरकारी संकेतस्थळावर आपला पेन्शनचा अंदाज काढा, कुठली वर्षं रिकामी आहेत ते बघा आणि देश सोडण्याआधी भरून टाका. साधारणपणे मागची सहाच वर्षं भरता येतात, आणि परदेशी गेल्यावर हेच काम जास्त किचकट होतं.

पेन्शन वाढणं म्हणजे काय, हे आपल्या लोकांना सगळ्यात लवकर कळतं, कारण भारत नेमका न वाढणाऱ्यांच्या यादीत आहे. युरोपीय संघातले देश, स्वित्झर्लंड, अमेरिका, फिलिपीन्स, मॉरिशस इथे राहणाऱ्यांची स्टेट पेन्शन दरवर्षी वाढते. भारत, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, थायलंड इथे ती गोठते. जुन्या पद्धतीची पूर्ण बेसिक पेन्शन २०१०-११ मध्ये आठवड्याला ९७.६५ पौंड होती. त्या वर्षी ती घेऊन जो पुण्याला किंवा मडगावला राहायला गेला, त्याला आजही ९७.६५ च मिळतात. त्याच्याच वयाचा, तितकीच वर्षं भरलेला आणि स्पेनला गेलेला सहकारी २०२५-२६ मध्ये १७६.४५ वर पोचला. ब्रिटनला भेट दिली तर तिथे आहात तेवढ्या दिवसांपुरता चालू दर मिळतो (आधी कळवावं लागतं) आणि परतलात की पुन्हा जुना आकडा. कायमचं ब्रिटनला परतलात तरच गोठलेली पेन्शन पुन्हा चालू दरावर येते. भर घालणारी खाजगी पेन्शन असेल तर पुण्याचा विचार जरूर करावा, पण हा आकडा समोर ठेवून.

पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना ब्रिटन देतं ती भर, मात्र देश सोडला की कुठेही मिळत नाही. आज ते घेत असाल तर हिशेबातून काढून टाका.

एस-१: दवाखान्याची किल्ली

स्टेट पेन्शन सुरू झालेल्या माणसाला ब्रिटनची आरोग्य यंत्रणा एस-१ नावाचा फॉर्म देते. तो स्पेनच्या सामाजिक सुरक्षा कार्यालयात नोंदवायचा, तिथून मिळालेला कागद घेऊन आपल्या भागातल्या सरकारी आरोग्य केंद्रात जायचं, की कार्ड मिळतं आणि डॉक्टर नेमून दिला जातो. तुमच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराचंही नाव त्यात येऊ शकतं.

गाडी अडते ती लवकर निवृत्त झालेल्यांची. पेन्शनचं वय एप्रिल २०२६ ते २०२८ दरम्यान टप्प्याटप्प्याने ६६ वरून ६७ होतं आहे. साठाव्या वर्षी गेलात तर सहा-सात वर्षं एस-१ नाही. तोवर खाजगी विमा घ्यावा लागतो, आणि विमा कंपन्या मधुमेह, हृदयविकार असे आधीचे आजार वगळतात किंवा अर्जच नाकारतात. स्पेनच्या सरकारी सेवेत पैसे भरून शिरण्याचा एक मार्ग आहे: ६५ च्या आत महिन्याला ६० युरो, त्यानंतर १५७ युरो. पण तो एक वर्ष नोंदणीकृत राहिल्यावरच खुला होतो, आणि औषधं त्यात धरलेली नसतात. म्हणून पहिल्या वर्षाचा विमा टळत नाही.

व्हिसा

१ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश पासपोर्टवर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. घर असलं तरी तेवढंच. गुंतवणुकीवर मिळणारा गोल्डन व्हिसा स्पेनने ३ एप्रिल २०२५ ला बंद केला. पेन्शनरांसाठी उरतो तो नोकरी-धंदा न करता राहण्याचा व्हिसा. यावर घरून लॅपटॉपवर केलेलं कामही चालत नाही.

उत्पन्नाची अट स्पेनच्या एका सरकारी निर्देशांकाला बांधलेली आहे. तो महिन्याला ६०० युरो. अर्जदाराला त्याच्या चौपट, म्हणजे २,४०० युरो, आणि सोबतच्या प्रत्येक माणसामागे आणखी ६००. जोडप्याला ३,००० युरो. आता गणित करा: २०२५-२६ च्या दराने दोघांचीही पूर्ण स्टेट पेन्शन धरली तरी महिन्याला सुमारे १,९९५ पौंड होतात. ते ३,००० युरोंपर्यंत पोचत नाहीत. उरलेलं खाजगी पेन्शनमधून, भाड्यातून किंवा बँकेतल्या शिलकीतून दाखवावं लागतं. अनेकांचा बेत इथेच फसतो, आणि तो घराची विसार रक्कम दिल्यानंतर फसला तर फार महागात पडतो.

कागद जमवताना क्रम महत्त्वाचा. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र ठरावीक महिन्यांतच चालतं; प्रमाणपत्र साधारण तीन महिन्यांच्या आतलं लागतं. म्हणून पेन्शनची पत्रं, बँकेची स्टेटमेंट्स, विवाहाचा दाखला आधी काढा आणि हे दोन शेवटी. पोलिसांच्या दाखल्यावर आणि विवाहाच्या दाखल्यावर ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावतात तो शिक्का) लावून घ्या, मग शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर. क्रम उलटा झाला, म्हणजे भाषांतर आधी आणि अपोस्टिल नंतर, तर अपोस्टिलचं भाषांतर राहून जातं आणि अर्ज परत येतो.

डॉक्टरच्या प्रमाणपत्रात २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांचा उल्लेख असलेलं ठरावीक वाक्य लागतं. ‘प्रकृती ठणठणीत आहे’ एवढं लिहिलेलं चालत नाही. वाक्य छापून डॉक्टरकडे घेऊन जा. विमा स्पेनमध्ये परवाना असलेल्या कंपनीचा हवा, आणि त्यात दर भेटीला आपल्याकडून थोडे पैसे घेणारी अट नको. एस-१ विम्याच्या जागी चालतो, पण अर्जाआधी आपल्या भागाच्या वकिलातीची यादी वाचा. लंडन, मँचेस्टर आणि एडिंबरा इथल्या वकिलाती आपापली यादी देतात. निकालाला तीन महिने लागू शकतात, आणि मंजुरी कळल्यावर महिन्याभरात स्वतः जाऊन व्हिसा घ्यावा लागतो.

उतरल्यावरचा पहिला महिना

सर्वात आधी नगरपालिकेत पत्त्याची नोंद, तिला पाद्रोन म्हणतात. भाडेकरार किंवा खरेदीखत आणि पासपोर्ट लागतो. हा दाखला पुढे प्रत्येक खिडकीवर मागतात आणि बहुतेक ठिकाणी तो तीन महिन्यांच्या आतलाच हवा, म्हणून एकदाच पाच प्रती काढून ठेवण्यात अर्थ नाही.

देशात शिरल्यापासून एका महिन्यात परदेशी नागरिकाच्या कार्डासाठी, म्हणजे टीआयईसाठी, बोटांचे ठसे द्यायचे. ईएक्स-१७ फॉर्म, भरलेलं शुल्क, फोटो, पासपोर्टवरचा व्हिसा आणि पाद्रोन एवढं न्यावं. अपॉइंटमेंट ऑनलाइनच मिळते आणि किनाऱ्यावरच्या गावांत ती आठवडेच्या आठवडे मिळत नाही. सामान सोडायच्या आधी अपॉइंटमेंट शोधायला बसा आणि न मिळाल्याचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा.

गाडी चालवत असाल तर आणखी एक मुदत लक्षात ठेवा. मार्च २०२३ च्या करारामुळे ब्रिटिश लायसन्स परीक्षा न देता स्पॅनिश लायसन्सशी बदलता येतं, पण रहिवासी झाल्यापासून सहाच महिने जुनं चालतं. लायसन्स बदलायला लागणारी डोळे आणि प्रतिसादाची तपासणी करणारी केंद्रं जवळपास प्रत्येक गावात असतात.

कर: तारीख चुकली की पैसे गेले

स्पेनचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. त्यात १८३ दिवसांहून जास्त राहिलात तर तुम्ही त्या पूर्ण वर्षाचे रहिवासी. अर्ध्या वर्षाची सोय नाही. इथे सगळ्यात मोठं नुकसान होतं ते खाजगी पेन्शनमधून एकरकमी काढायच्या २५ टक्क्यांचं. ब्रिटनमध्ये त्यावर कर नाही. स्पेनचे रहिवासी असताना काढलेत तर स्पेन कर लावतो. ब्रिटनमधलं राहतं घर विकल्यावर होणाऱ्या नफ्यावरही असाच कर लागू शकतो. म्हणून घर विकणं आणि ती रक्कम काढणं आधी उरका, आणि मुक्काम जुलैच्या मध्यानंतर हलवा म्हणजे ते वर्ष स्पेनच्या हिशेबात येणार नाही. करमुक्त म्हणून जपलेली आयसा खातीही स्पेनच्या लेखी साधी बचतच.

स्टेट पेन्शनवर स्पेनमध्ये कर लागतो. लष्कर, पोलीस, नागरी सेवा यांच्या पेन्शनवर ब्रिटनमध्येच. पासष्टी पार केलेल्याची मूळ वजावट स्पेनमध्ये ६,७०० युरो, ब्रिटनमध्ये १२,५७० पौंड. छोट्या पेन्शनला स्पेनमध्ये आणखी सवलती आहेत, पण मध्यम उत्पन्नाच्या माणसाला तिथे कर जास्तच बसतो. परदेशातली बँक खाती, गुंतवणूक किंवा मालमत्ता यांपैकी कुठलाही एक गट ५०,००० युरोंच्या वर गेला तर ३१ मार्चच्या आत ७२० क्रमांकाचं विवरण भरायचं.

घर

आधी भाड्याने राहा, तेही हिवाळ्यात. मेमध्ये बघितलेलं घर जानेवारीत ओळखू येत नाही. फरशी बर्फासारखी, भिंतींना उष्णतारोधक थर नाही, उत्तरेकडच्या खोलीत कपाटामागे बुरशी. बऱ्याच जुन्या फ्लॅटमध्ये शेगडी आणि हीटर नारिंगी सिलिंडरवर चालतात. आत गॅस १२.५ किलो, वर लोखंडाचं वजन वेगळं. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर तो कोण चढवणार, हा प्रश्न अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाचा म्हणून विचारा. आरोग्य केंद्र, औषधाचं दुकान आणि बस चालत गाठता येतात का, तेही सपाट रस्त्याने, हे एकदा पिशवी हातात घेऊन बघा.

घेताना आपल्याकडे सातबारा बघतात तसा मालमत्ता नोंदणी कार्यालयाचा उतारा काढा. त्याला नोता सिंप्ले म्हणतात. मालक कोण, कर्ज किती, बोजा कुठला, हे त्यात येतं. पण बांधकाम कायदेशीर आहे की नाही, हे त्यात कळेलच असं नाही. दक्षिणेकडच्या अंदालुसिया प्रदेशात शेतजमिनीवर बेकायदा बांधलेली घरं अनेक ब्रिटिशांनी नोटरीसमोर रीतसर विकत घेतली. अल्मेरिया प्रांतातल्या वेरा इथे जानेवारी २००८ मध्ये असं एक घर पाडलं गेलं. म्हणून घराचा वापर-परवाना आणि जमिनीचा प्रकार नगरपालिकेतून तपासणारा स्वतःचा वकील हवा, एजंटने सुचवलेला नको.

विसार साधारण १० टक्के. तुम्ही माघार घेतलीत तर तो गेला, विकणाऱ्याने घेतली तर त्याने दुप्पट द्यायचा. जुन्या घरावर अंदालुसियात ७ टक्के हस्तांतरण कर, बाकी प्रदेशांत वेगळा. वकील, नोटरी, नोंदणी धरून किमतीच्या वर १० ते १४ टक्के बाजूला ठेवा. सोसायटीच्या मेंटेनन्सची थकबाकी चालू वर्षाची आणि आधीच्या तीन वर्षांची नव्या मालकाकडून वसूल होते, त्यामुळे थकबाकी नसल्याचा दाखला घेतल्याशिवाय सही नको.

दोघांपैकी एक उरल्यावर

जाणारे बहुतेक दोघं असतात. घर, भाषा, गाडी, कागदपत्रं यांची वाटणी झालेली असते, आणि ज्याच्याकडे स्पॅनिश आणि स्टिअरिंग असतं तोच आधी गेला की दुसऱ्याचं जगणं अडतं. नवी स्टेट पेन्शन जोडीदाराला सहसा मिळत नाही, त्यामुळे उत्पन्नही एकदम खाली येतं. संयुक्त बँक खात्यातला मृताचा हिस्सा वारसाहक्क पूर्ण होईपर्यंत बँक अडकवते; म्हणून दोघांचं वेगवेगळं एकेक खातं आणि त्यात सहा महिन्यांचा खर्च ठेवा. एक ब्रिटिश खातंही जपा, पण तुमची बँक स्पेनमधला पत्ता चालवून घेते का, हे निघण्याआधी लेखी विचारा.

स्पेनमध्ये मृत्यूनंतर २४ तास झाले की साधारण ४८ तासांच्या आत अंत्यविधी होतो. ब्रिटनमध्ये दोन-तीन आठवडे थांबायची सवय असलेल्या मुलांना विमानाचं तिकीट मिळेपर्यंत तो उरकलेला असतो. कुटुंबाशी आधी बोला. भिंतीतल्या कप्प्यातली दफनजागा ठरावीक वर्षांच्या भाड्याने मिळते. आपल्या लोकांसाठी दहनाची सोय अलिकान्ते, मालागा इथे आहे.

मृत्युपत्र दोन करा: ब्रिटनच्या मालमत्तेचं तिथे, स्पेनच्या मालमत्तेचं स्पॅनिश नोटरीकडे. स्पेनच्या कायद्यात मुलांचा हिस्सा राखीव असतो. १७ ऑगस्ट २०१५ पासून लागू असलेल्या युरोपीय नियमानुसार आपल्या नागरिकत्वाचा कायदा निवडता येतो, पण तशी ओळ मृत्युपत्रात असायला हवी. आणि नंतर केलेल्या इंग्रजी मृत्युपत्रात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द’ हे नेहमीचं वाक्य तसंच ठेवलं तर स्पॅनिश मृत्युपत्रही त्यातच रद्द होतं. तिथे ‘स्पेनमधलं सोडून’ असं लिहून घ्या. इंग्लंडमध्ये केलेलं मुखत्यारपत्र स्पॅनिश बँकेत बहुधा चालत नाही. नोटरीकडे वेगळं करा, आणि स्मृती किंवा समज गेल्यानंतरही ते चालू राहील असं कलम त्यात घालायला सांगा. ते समज शाबूत असतानाच करता येतं, म्हणून घराच्या खरेदीखतासाठी नोटरीकडे जाल त्याच दिवशी दोघांचीही मुखत्यारपत्रं करून घ्या.