खांद्यावरचा कीबोर्ड मंचावर नेताना

गळ्यात पट्टा अडकवून वाजवायचा कीबोर्ड, म्हणजे कीटार, घेताना त्याला स्वतःचा आवाज आहे की नाही हे आधी विचारून घ्यावे. रोलँडच्या एएक्स-एजमध्ये ध्वनी आतच असतात. अलेसिसचा व्होर्टेक्स मात्र कोणती पट्टी किती जोराने दाबली यांसारखे मिडी-संदेशच पाठवतो आणि आवाज लॅपटॉपमधून किंवा साउंड मोड्यूलमधून, म्हणजे ध्वनी साठवलेल्या वेगळ्या पेटीतून येतो.

खरी मेहनत डाव्या हाताची आहे. जयंतीच्या भीमगीतात किंवा गोंधळाच्या चालीत सनईसारखी मींड घ्यायची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकायचे, तर ती उजव्या हाताने साधत नाही. ती डाव्या हाताने, स्वर वर-खाली सरकवणाऱ्या पिच बेंडने घ्यावी लागते. स्वर किती सरकेल हे कीटारवर नव्हे, तर आवाज देणाऱ्या साधनात ठरते. तिथे बहुधा दोन अर्धस्वरांची मर्यादा असते, म्हणजे षड्जावरून शुद्ध ऋषभापर्यंतच जाता येते. शुद्ध गांधारापर्यंत जायचे असेल तर ती चार करावी. पण मर्यादा जितकी वाढवाल तितका बोटाचा लहानसा कंपही बेसूर ऐकू येतो, म्हणून मी दोनवरच ठेवतो आणि लांबची मींड दोन टप्प्यांत घेतो. ३७ पट्ट्यांच्या वाद्यात तीनच सप्तके मिळतात, त्यामुळे सप्तक बदलायचे बटण न पाहता सापडले पाहिजे.

मिडी केबल १५ मीटरपर्यंत चालते, साधी यूएसबी केबल मात्र सुमारे ५ मीटरपर्यंतच, हे मंचाची लांबी पाहून ठरवावे. केबल आधी पट्ट्यातून ओवून मगच वाद्यात खोचावी, म्हणजे कोणाचा पाय पडला तरी ओढ खाचेवर येत नाही. परभणीजवळच्या एका कार्यक्रमात माझी केबल स्वर चालू असतानाच निसटली. पट्टी सोडल्याचा संदेश पोहोचलाच नाही आणि तो स्वर गायकाच्या अंतऱ्यावर वाजत राहिला. तेव्हापासून सर्व स्वर बंद करणारी कळ लॅपटॉपवर मी हाताशी ठेवतो. बिनतारी जोडणी असली तरी एक केबल सोबत असावीच.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे चाळीस अंशांवर उन्ह असते आणि तापलेला लॅपटॉप मंद होऊन आवाज तुटू लागतो, म्हणून तो सावलीत, खालून हवा लागेल असा ठेवावा. वाद्याचे वजन तीन-चार किलो असू शकते. रुंद पट्टा घ्यावा आणि तालीम उभ्यानेच करावी. बसून बसवलेली गाणी उभे राहिल्यावर मनगटाचा कोन बदलल्याने चुकतात.