कुंडीत फुलवेली कशा वाढवाव्यात : जागा, माती, आधार आणि छाटणी

गच्चीत किंवा बाल्कनीत फुलवेल लावणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी असते की वेल जोमाने वाढते, ग्रिलवर चढते, पाने हिरवीगार दिसतात, पण फूल काही येत नाही. याला बहुतेक वेळा तीन कारणे असतात : ऊन कमी, नत्र जास्त आणि छाटणी नाही. त्यांतले तिसरे कारण सर्वांत दुर्लक्षित आहे. मधुमालती, अलामंडा, बोगनवेल, जाई, जुई या आपल्याकडच्या बहुतेक फुलवेली नव्या फुटीवर, म्हणजे नव्याने फुटलेल्या कोवळ्या फांद्यांवर फुलतात. जमिनीतल्या वेलीची मुळे लांबवर जातात, त्यामुळे तिला सतत नवी फूट काढणे परवडते. कुंडीतल्या वेलीची तेवढी ऐपत नसते. ती जुन्याच फांद्या लांबवत राहते आणि आलीच तर चार फुले शेंड्याला, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना दिसतील अशा ठिकाणी येतात. म्हणून पुढे सांगितलेल्या सगळ्या कृतींचा रोख नवी फूट भरपूर यावी आणि ती हाताशी यावी, हाच आहे.

ऊन पाहून वेल निवडावी

रोपवाटिकेत जाण्याआधी आपल्या जागेवर थेट ऊन किती तास आणि कोणत्या वेळी पडते, हे पाहून ठेवावे. दक्षिणेची बाल्कनी उन्हाची असते असा समज आहे, आणि हिवाळ्यात तो खराही ठरतो, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो व ऊन थेट घरात येते. मात्र मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे वर स्लॅब असलेल्या दक्षिणेच्या बाल्कनीत त्या दिवसांत ऊन जेमतेम कठड्यापुरते येते. जानेवारीत ऊन पाहून लावलेली वेल जूनमध्ये का रुसली, याचे उत्तर अनेकदा इथे असते.

पश्चिमेच्या तापत्या भिंतीशी आणि मोकळ्या गच्चीवर बोगनवेल, मधुमालती व अलामंडा उत्तम येतात. त्यांना किमान पाच-सहा तास ऊन लागते. पूर्वेचे सकाळचे चार तास ऊन गोकर्ण, कृष्णकमळ आणि जुई यांना चालते. उत्तरेच्या बाल्कनीत फुलवेलीचा हट्ट धरू नये.

नवशिक्यांनी गोकर्णापासून सुरुवात करावी, कारण ती बियांपासून एका हंगामात फुलते. मधुमालती लावण्यापूर्वी मात्र विचार करावा. तिच्या एकाच घोसात पांढरी, गुलाबी आणि लाल अशी तिन्ही रंगांची फुले दिसतात, कारण संध्याकाळी पांढरे उमललेले फूल दोन-तीन दिवसांत गुलाबी होत लाल होते. हे पाहून ती घ्यावीशी वाटते, पण तिचा आवाका मोठा आहे आणि लहान कुंडीत ती सतत सुकलेली राहते.

कुंडी आणि माती

गोकर्णासाठी 10 ते 12 इंची कुंडी पुरते. कृष्णकमळ, जाई, जुई, अलामंडा व बोगनवेल यांना 14 इंची, आणि मधुमालतीला 18 इंची किंवा त्याहून मोठी कुंडी द्यावी. 14 इंची कुंडीचे ओल्या मातीसह वजन सहज 25 किलोच्या पुढे जाते, त्यामुळे ती कठड्यावर न ठेवता खाली, शक्यतो भिंतीलगत किंवा तुळईवर ठेवावी. कुंडीखाली दोन विटा ठेवल्या की तळाची भोके मोकळी राहतात.

माती भुसभुशीत आणि निचऱ्याची हवी. दोन भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भिजवलेले कोकोपीट आणि अर्धा भाग जाड वाळू हे मिश्रण बहुतेक वेलींना मानवते. त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. बोगनवेलीसाठी कोकोपीट वगळून तेवढी वाळू किंवा विटांचा चुरा वाढवावा. निव्वळ काळी माती वापरू नये; ती पावसात चिकट होते आणि उन्हात तडकून मुळे तोडते. शेणखत कच्चे असेल तर त्यातून मुळे खाणारी हुमणी अळी येते, म्हणून हातात घेतल्यावर शेणाचा वास येणार नाही असेच खत घ्यावे. तळाशी खडीचा जाड थर देण्याची जुनी पद्धत आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही, उलट मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर खापरीचा एक तुकडा उपडा ठेवला की पुरे.

लागवडीला जूनचा पाऊस स्थिरावल्यानंतरचा काळ किंवा फेब्रुवारी योग्य. पिशवी कापून मातीचा गोळा अखंड बाहेर काढावा. विशेषतः बोगनवेलीची मुळे ठिसूळ असतात आणि गोळा फुटला तर रोप दगावू शकते. रोप पिशवीत होते तेवढ्याच खोलीवर लावावे, वरची दोन इंच जागा पाण्यासाठी मोकळी सोडावी आणि पहिले आठ दिवस कुंडी सावलीत ठेवावी.

आधार : वेल चढते कशी, यावर तो ठरतो

गोकर्ण खोडाने वेढे घेत चढते. तिला करंगळीएवढ्या जाडीची काठी किंवा दोरी लागते. जाड खांबाला तिची पकड बसत नाही. वेल आपोआप ज्या दिशेने वळते त्याच दिशेने ती गुंडाळावी, उलटी गुंडाळली तर चार दिवसांत सुटून येते. कृष्णकमळ स्प्रिंगसारख्या तणाव्यांनी पकड घेते, म्हणून तिला बारीक जाळी आवडते. अलामंडा आणि बोगनवेल यांना धड वेढाही येत नाही आणि तणावेही नसतात; त्या नुसत्या टेकून वाढतात, त्यामुळे त्यांना बांधावेच लागते.

बांधण्याची रीत अशी : मऊ दोरी आधी काठीभोवती घट्ट बांधावी, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवून फांदीभोवती बोट जाईल इतकी सैल ठेवावी. तार वापरू नये, ती उन्हात तापते आणि फांदी जाड झाली की सालीत रुतते. सुतळी एका पावसाळ्यात कुजते, काथ्या अधिक टिकतो.

आता मुख्य मुद्दा. फांदी सरळ वर गेली की तिच्या शेंड्यात तयार होणारे संप्रेरक खालचे डोळे (नवी फूट जिथून येते ते कोंब) दाबून ठेवते आणि फूट फक्त टोकाला येते. तीच फांदी आडवी किंवा तिरकी बांधली तर पेरापेरावरचे डोळे फुटतात, आणि प्रत्येक फूट फुलाची शक्यता घेऊन येते. म्हणून कुंडीच्या काठाने चार-चार फुटांच्या तीन-चार बांबूकाठ्या रोवून वेल त्यांच्याभोवती जिन्यासारखी फिरवत न्यावी, किंवा ग्रिलवर पंख्याच्या आकारात पसरावी. फांदी कोवळी असतानाच हे करावे. जून झालेली फांदी वाकवताना मोडते.

पाणी आणि खत

पाणी वारावर देऊ नये. मातीत बोट दोन पेरांपर्यंत घालून पाहावे; ओल लागली तर थांबावे, कोरडे लागले तर तळातून पाणी बाहेर येईपर्यंत द्यावे. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या कुंडीला रोज, कधी दोनदाही पाणी लागते. पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटल्या काढून ठेवाव्यात. बाहेर धो धो पाऊस पडत असताना स्लॅबखालची कुंडी मात्र कोरडीठाक असू शकते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. बोरवेल किंवा टँकरच्या पाण्याने मातीवर आणि कुंडीच्या कडेवर पांढरा थर जमतो व पानांची टोके करपतात. अशा वेळी एकदा साधे पाणी भरपूर ओतून क्षार धुऊन काढावेत.

बोगनवेलीचा हिशेब वेगळा आहे. तिला कळ्यांवर आणायचे तर पाने किंचित मलूल होईपर्यंत पाणी तोडावे आणि मग थोडेच द्यावे. आपण जिला फूल म्हणतो ती तिची रंगीत पाने असतात, आणि खरी फुले म्हणजे त्यांच्या मधोमध दिसणाऱ्या बारीक पांढरट नळ्या. रोज पाणी मिळणारी बोगनवेल नुसती हिरवी राहते.

वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत वरची माती हलवून मिसळावे. विद्राव्य 19:19:19 (नत्र, स्फुरद व पालाश समान असलेले खत) दिले तर लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही ओल्या मातीत. युरिया देऊ नये, त्याने पानांचा माज वाढतो. गोकर्ण शेंगवर्गीय असल्याने तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र बांधतात, त्यामुळे तिला खत जवळजवळ लागतच नाही.

छाटणी, वेलीगणिक

सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार हवे आणि स्पिरिटने पुसलेले हवे. काप बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका घ्यावा.

जाई आणि जुई डिसेंबरअखेर ते जानेवारीत कुंडीतल्या मातीपासून साधारण दीड फुटावर छाटाव्यात. एवढी कठोर छाटणी करायला मन धजत नाही, पण उन्हाळ्यातली फुले तिच्यावरच अवलंबून असतात. अलामंडा आणि मधुमालती फेब्रुवारीत छाटाव्यात. अलामंडाच्या प्रत्येक फांदीवर दोन-तीन डोळे ठेवून बाकी काढले तरी चालते. तिचा पांढरा चीक त्वचेला व डोळ्यांना त्रास देतो आणि पोटात गेल्यास विषारी ठरतो, म्हणून हातमोजे घालावेत व घरात लहान मूल किंवा मांजर-कुत्रे असेल तर छाटलेल्या फांद्या लगेच उचलाव्यात. मधुमालतीच्या बुडातून येणारे फुटवे दोन-तीनच ठेवावेत. बोगनवेल पाऊस सरल्यावर, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात निम्मी करावी आणि पुढे प्रत्येक बहर ओसरल्यावर फांद्यांचे शेंडे खुडावेत. कृष्णकमळाची छाटणी हलकीच करावी. पाने नसलेल्या जून खोडापर्यंत कापल्यास ती फुटेलच असे नाही. गोकर्णाच्या शेंगा हिरव्या असतानाच काढत राहिल्या तर फुले जास्त दिवस येत राहतात.

दर दोन वर्षांनी फेब्रुवारीच्या छाटणीबरोबर वेल कुंडीबाहेर काढून, कडेने गोल गोल फिरलेली मुळे एक-दोन इंच कापून, नवी माती भरावी. यात बोगनवेलीला वगळावे. तिची वरची माती बदलली तरी भागते.

कीड आणि थंडी

फांदीच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याला पोसतात, म्हणून आधी मुंग्यांची ये-जा थांबवावी, पुंजके स्पिरिटच्या बोळ्याने पुसावेत आणि संध्याकाळी लिटरला पाच मिली कडुनिंबाचे तेल व साबणाचे थोडे थेंब फवारावेत. उन्हाळ्यातल्या लाल कोळ्यावर (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. कृष्णकमळावर काटेरी अळ्या दिसल्या तर त्या नारिंगी फुलपाखरांच्या असतात. वेल मोठी असेल तर थोडी पाने त्यांना खाऊ द्यावीत.

नाशिक-नागपूरकडे रात्रीचा पारा 10 अंशांखाली गेला की अलामंडाची पाने गळतात. ती मेली असे समजून टाकू नये; पाणी निम्मे करावे, खत थांबवावे आणि नखाने साल खरवडून आत हिरवे दिसते का, ते पाहावे. थंड देशांत राहणाऱ्यांनी त्याच सुमारास कुंड्या घरात खिडकीशी आणाव्यात.

छाटणीतून निघालेल्या बोगनवेलीच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या फेकू नयेत. सहा ते आठ इंचांचे तुकडे, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घेऊन, ओल्या वाळूत खोचून सावलीत ठेवावेत. जुईची लांब फांदी शेजारच्या कुंडीत वाकवून मातीत दाबली तर दाब कलम होते. गोकर्णाचे बी रात्रभर भिजवून जूनमध्ये अर्धा इंच खोल पेरावे.